"मुलगा तसा नाही" असं सर्टिफिकेट देता येतं का? (पोक्सो, जामीन, नाशिक)

गोदाकाठची

नमस्कार मंडळी, थोडं लांबतंय पण वाचा प्लीज. मी नाशिकला काउन्सेलर आहे, एमए सायकॉलॉजी आणि वर एक डिप्लोमा, गंगापूर रोडला एका क्लिनिकमध्ये आठवड्यातून चार दिवस बसते. माझ्याकडे येणारे म्हणजे बारावीचं टेन्शन, नवराबायकोची भांडणं, झोप लागत नाही, असे. कोर्टाचं काम आजवर एकदाच केलंय, ते पण फॅमिली कोर्टात मुलाच्या ताब्यावरून.

मागच्या गुरुवारी एक वकीलसाहेब एका आईवडलांना घेऊन आले. द्राक्षबागवाले आहेत, गाव सांगत नाही, बाकी पण थोडं बदललंय. मुलगा २३चा, लग्न झालेलं नाही, पोक्सोखाली (लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) आत आहे, मुलगी त्याच वस्तीतली, नात्यातली नाही पण रोजच्या ओळखीतली. चार्जशीट गेलंय आणि सेशन्सला जामिनाचा अर्ज टाकायचाय. वकील म्हणाले, मॅडम एक छोटं सर्टिफिकेट लागतंय, मानसिक तपासणी केली, लैंगिक विकृती आढळली नाही, असं कृत्य त्याच्या हातून होण्याची शक्यता नाही, एवढंच, एक पान. मी म्हटलं अहो मुलगा आत आहे, मी त्याला बघितलेला पण नाही. तर म्हणे आईवडलांशी बोला ना, मार्कशीट आणल्यात. आणि खरंच आणल्या होत्या, खताच्या दुकानाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, सातवीपासूनच्या सगळ्या, सगळ्यात वर वक्तृत्व स्पर्धेचं प्रमाणपत्र. आई पूर्ण वेळ काही बोलली नाही, फक्त उठताना "ताई, तो तसा नाहीये हो" एवढंच. मी नको नको म्हणत असताना द्राक्षांची पेटी काउंटरवर ठेवून गेले.

मी तिथल्या तिथे नाही म्हणायला पाहिजे होतं, पण तसं म्हटलं नाही. बघून सांगते म्हणाले. रात्री नेटवर शोधलं तर स्टॅटिक-९९आर म्हणून एक फॉर्म सापडला, दहा मुद्दे असतात, परदेशात कोर्टात चालतो म्हणे. बसून भरला. वय ३५च्या आत म्हणून १, कुणाबरोबर दोन वर्षं संसार केलेला नाही म्हणून १, मुलगी नात्यातली नाही म्हणून १, बाकी शून्य. टोटल ३, आणि तक्त्यात ३ म्हणजे "सरासरी" धोका.

आता मला कळत नाहीये की हे लिहायचं का, लिहिलं तर त्याचा अर्थ काय, आणि मुळात हे माझं काम आहे का. फीचा प्रश्न नाहीये. पण त्या आईचा चेहरा डोळ्यासमोरून जात नाही, आणि मग वाटतं त्या दुसऱ्या मुलीला पण आई असेलच की.

मृणाल_पंचवटी

फॉरेन्सिक सायकॉलॉजीवाली आहे, सध्या पुण्यात, घर पंचवटीत. ताई, आधी तो फॉर्म बाजूला ठेवा, सांगते का.

हा फॉर्म हॅन्सन आणि थॉर्न्टन या दोघांनी १९९९ मध्ये काढला म्हणून नावात ९९, आणि आर म्हणजे नंतर वयाचे गुण बदलून केलेली आवृत्ती. तो सुरू कुठून होतो ते बघा. "याने केलं का" हा प्रश्न तो विचारतच नाही. केलं हे धरूनच चालतो आणि पुढचं विचारतो, की असे जे लोक असतात त्यातले किती पुन्हा पकडले जातात. तुमच्या वकिलांना पाहिजे "याने केलं नसेल". त्या दहा मुद्द्यांत त्याचं उत्तर नाही, आणि जगातल्या कुठल्याच टेस्टमध्ये नाही. "बलात्कारी स्वभाव" मोजायचं मशीन नाहीये कुणाकडे. सज्जन दिसणारा, शाळेत पहिला येणारा, वक्तृत्वात बक्षीस मिळवणारा, या सगळ्यावरून काही कळत नाही, इकडूनही नाही आणि तिकडूनही नाही.

आता तुमचे ३ गुण घ्या. दोन वर्षं संसार न केल्याचा १. नाशिक जिल्ह्यात २३ वर्षांचे किती मुलगे लग्न होऊन दोन वर्षं झालेले असतात हो? लग्नाआधी कुणाबरोबर राहणं तर गावात सोडाच. आणि सध्या शेतकरी मुलाला मुलगी मिळत नाही ही तर गावोगावची रड आहे, म्हणजे द्राक्षाचे भाव पडले, स्थळ मोडलं आणि पोराचा धोका एकाने वाढला? तिकडे त्या मुद्द्याला अर्थ आहे, कारण तिथं वयात आलेला माणूस कुणाबरोबर टिकून राहू शकतो का याची ती खूण आहे. इथं ती खूण दुसरंच काहीतरी मोजते.

उलटं पण करून बघा. ६२ वर्षांचा, बायकोबरोबर ३५ वर्षं संसार केलेला, घरातल्याच नातीला त्रास देणारा, आधी कधी पोलीस केस नाही. वयाचे उणे ३, बाकी सगळीकडे शून्य. टोटल उणे ३, म्हणजे त्या तक्त्यात खालून पहिला. जा आणि त्या नातीच्या आईला सांगा की धोका फार कमी आहे. फॉर्म चूक नाहीये, त्या वयाचे लोक पुन्हा पकडले जाण्याचं प्रमाण खरंच कमी आहे. पण *पकडले* हा शब्द लक्षात ठेवा. आकडे पुन्हा अटक, पुन्हा आरोप, पुन्हा शिक्षा याचे आहेत. घरात दाबून टाकलेलं त्यात येत नाही, आणि आपल्याकडे किती दाबलं जातं हे तुम्हाला क्लिनिकमध्ये बसून माहीतच असेल.

अजून एक. ३ गुणवाल्या १०० जणांत ५ वर्षांत साधारण ८ पुन्हा पकडले गेले, असं तिकडचं गणित आहे, कॅनडा, अमेरिका, युरोप इकडचं. ते ८ कोण हे फॉर्म सांगत नाही. तुमचा मुलगा ८ टक्के धोकादायक असं काही नसतं, तो एकतर करेल नाहीतर नाही. विम्यासारखं आहे, कंपनीला माहीत असतं हजारातले किती मरणार, पण तुमचे काका कधी जाणार हे एजंटला विचारून उपयोग नाही.

सीबीएस_कट्टा

वकील आहे, १४ वर्षं झाली, जिल्हा कोर्टातच. मृणाल मॅडमनी सायकॉलॉजीचं सांगितलं, मी कायद्याचं सांगतो आणि थोडं आमच्या लोकांचं पण.

जामिनाला असलं सर्टिफिकेट जोडायची पद्धत पडलीय हे खरं. कोर्ट बघतं काय तर आरोपांचं स्वरूप, पुरावा, पळून जाईल का, साक्षीदारांवर दबाव आणेल का, पुन्हा गुन्हा करेल का. त्या शेवटच्या "करेल का" मध्ये हे पान घुसवायचं असतं. जज साहेब ते किती वाचतात ते सोडा. तज्ज्ञाचं मत म्हणजे पूर्वीचं एव्हिडन्स ॲक्टचं कलम ४५, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं ३९. आणि ते मत म्हणजे सल्ला, कोर्टाला बंधनकारक नाही. कशावरून म्हणता ते सांगायला लागतं, नाहीतर मताला किंमत शून्य. म्हणजे ताई तुम्ही उद्या साक्षीला उभ्या राहिलात तर सरकारी वकील पहिला प्रश्न विचारतील, आरोपीला किती वेळा भेटलात? तुम्ही म्हणाल, भेटलेच नाही. दुसरा प्रश्न विचारायची गरजच नाही, खाली बसतील हसून.

आणि एक गंमत, जी बचावाच्या वकिलांनाच कळत नाही कधीकधी. फौजदारी केसमध्ये आरोपीचं आधीचं चांगलं चारित्र्य पुरावा म्हणून आणता येतं. वाईट चारित्र्य सरकार पक्षाला आपणहून आणता येत नाही. पण ट्रायलला बचावाने चांगलं आणलं की मग उत्तरादाखल वाईटाचं दार उघडतं. म्हणजे तुमचं ते "मुलगा शांत, सुस्वभावी" तिथपर्यंत गेलं तर कॉलेजात दोन वर्षांपूर्वी काही झालं असेल तर ते काढायची सोय तुम्हीच करून दिली.

रिपोर्ट खरोखर लागतो कुठं ते पण सांगतो. फाशी होऊ शकते अशा केसमध्ये. बच्चन सिंग, १९८०, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा माणूस समाजाला पुढेही धोका राहील का, सुधारू शकतो का हे बघा, आणि सुधारणार नाही हे सरकारने पुराव्याने दाखवायचं. पुढची चाळीस वर्षं ते कशावर दाखवायचं याचा पत्ता नाही, गुन्ह्याचं वर्णन वाचायचं आणि म्हणायचं हा काय सुधारणार. मग मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश आलं, त्यात म्हटलं की सरकारने आरोपीचं मानसिक मूल्यमापन ट्रायल कोर्टापुढे ठेवायचं, तेही शक्यतो गुन्ह्याच्या जवळच्या काळातलं, आणि जेलमधल्या वागणुकीचा अहवाल पण. तिथं तुमच्या क्षेत्रातल्या माणसांचं खरं काम आहे. आईवडलांनी आणलेल्या मार्कशीटवर नाही.

जेलरोड_काका

मी तुरुंग खात्यातून रिटायर झालोय, कुठल्या कारागृहात किती वर्षं ते सोडा. वकीलसाहेबांनी जेलच्या वागणुकीचं काढलं म्हणून बोलतो. अशा केसवाल्यांची आतली वागणूक नव्वद टक्के वेळा चांगलीच असते, आमचे रजिस्टर काढून बघा. पहाटे उठतो, भजनात बसतो, स्वयंपाकघरात काम करतो, कुणाशी भांडण नाही. असणारच ना. चोराला आत चोरी करायला मिळते, मारामारीवाल्याला मारामारी करायला मिळते, पण हा ज्यासाठी आलाय ते लेकरू आत असतं का? मग वर्तन उत्तम असं लिहून जातं. मीच लिहिलेत असे शेरे, खोटे नाहीत, पण कुणी त्याचा अर्थ "सुधारला" असा लावला तर मी काय करणार. कुणी विचारतच नाही की साहेब वर्तन उत्तम म्हणजे काय.

आणि रडणारा सुधारला आणि न रडणारा निर्ढावलेला, हे पण आमच्याकडं फार चालायचं. मला नाही पटलं कधी.

मृणाल_पंचवटी

काका, तुमचं न पटणं बरोबर होतं. हॅन्सन आणि बुसिए यांनी १९९८ मध्ये ६१ अभ्यास एकत्र केले, २३ हजारांवर गुन्हेगार, त्यात गुन्हा नाकारणं आणि पुन्हा गुन्हा करणं याचा संबंध लागला नाही. पीडितेबद्दल कळवळा नसणं याचाही नाही. संबंध लागला तो विकृत आकर्षणाशी, आणि आधीच्या गुन्ह्यांशी. आणि कोर्टात सगळा जोर कशावर, तर पश्चात्ताप दिसला का यावर. लोकांना वाटतं डोळ्यात बघून कळतं. नाही कळत, मला पण नाही कळत, आणि मी याचंच शिक्षण घेतलंय.

आणि बचावाचेच रिपोर्ट विकले जातात असं समजू नका कुणी. २०१३ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला, शंभरावर फॉरेन्सिक तज्ज्ञांना गुन्हेगारांच्या त्याच त्या फायली धोक्याचे गुण द्यायला दिल्या, निम्म्यांना सांगितलं तुम्ही सरकारकडून आहात, निम्म्यांना सांगितलं बचावाकडून. सरकारवाल्यांचे गुण जास्त आले, बचाववाल्यांचे कमी. स्टॅटिक-९९आरमध्ये फरक कमी होता कारण त्यात मोजायच्या गोष्टी ठरलेल्या, पण जिथं मत द्यायला जागा होती तिथं चांगलाच फरक. कुणी लाच नव्हती दिलेली. फक्त कुणी बोलावलं एवढंच माहीत होतं. ताई, तुमच्या काउंटरवर तर पेटी ठेवलीय.

सातपूरची_आई

मी इथे फार लिहीत नाही. आमची केस संपली, निकाल लागून वर्ष झालं, कुठली ते सांगणार नाही. जामिनाच्या वेळी समोरून असंच एक पान आलं होतं. मी इंग्रजी वाचत नाही एवढं, भाच्याने वाचून दाखवलं. शांत स्वभाव, चांगल्या घरातला, अभ्यासू, व्यसन नाही. मी ऐकत होते आणि वाटत होतं बरोबरच आहे की, सगळं खरं आहे, तो तसाच होता, म्हणून तर आम्ही त्याच्याकडं पाठवायचो मुलीला.

सही करणाऱ्याने आमच्या मुलीला कधी बघितलं नाही आणि त्याला पण एकदा अर्धा तास बघितलं होतं असं नंतर कळलं. मला त्या डॉक्टरांचा राग नाही येत आता. पण तेव्हा रात्री मुलगी मला विचारायची, डॉक्टरांनी लिहिलंय ना तो चांगला आहे, मग मी खोटं बोलते का. त्याचं उत्तर द्यायला मला फार दिवस लागले. ताई तुम्ही लिहिताना हे ध्यानात ठेवा एवढंच.

उंटवाडीकर

मी सोशल वर्कवाला, विधिसंघर्षग्रस्त बालकांबरोबर, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठराच्या आतल्या मुलांबरोबर काम करतो. एकच भर घालतो कारण खूप गोंधळ होतो. समजा हाच मुलगा २३चा नसून १७चा असता तर केस जाते बाल न्याय मंडळापुढे, आणि १६ ते १८मधला असेल आणि गुन्हा घोर स्वरूपाचा असेल तर २०१५च्या कायद्याच्या कलम १५ खाली प्राथमिक मूल्यमापन करायचं असतं, तीन महिन्यांत. ते कशाचं? गुन्हा करण्याची शारीरिक-मानसिक क्षमता, परिणाम कळण्याची क्षमता आणि कुठल्या परिस्थितीत घडला. यात "पुन्हा करेल का" कुठेच नाही, "केलं का" पण नाही, कायद्यातच लिहिलंय की ही ट्रायल नव्हे. तरी रिपोर्ट येतात ते आयक्यू अमुक, म्हणून सगळं समजत होतं, पाठवा मोठ्यांच्या कोर्टात. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की मंडळावर बालमानसशास्त्राचा किंवा बालमानसोपचाराचा तज्ज्ञ नसेल तर अशा माणसाची मदत घ्यायलाच लागेल, कायद्यात "घेऊ शकते" असलं तरी. आणि तो स्टॅटिकवाला फॉर्म मोठ्या पुरुषांसाठी आहे, पोरांना लावायचाच नाही. लावलेला बघितलाय मी. एकाला "लग्न न झाल्याबद्दल" गुण दिला होता, वय वर्षं १६.

गोदाकाठची

सातपूरच्या ताई, तुमचं वाचून थोडा वेळ फोन बाजूला ठेवला. काय लिहू कळत नाही.

बाकी सगळ्यांचे आभार. एक विचारू का, समजा मी रीतसर करायचं ठरवलं, कोर्टाची परवानगी घेऊन नाशिकरोडला जेलमध्ये जाऊन मुलाला भेटले, तर? की तरी नाहीच?

मृणाल_पंचवटी

तरी तुम्ही नाही. रागावू नका. एमए आणि डिप्लोमावर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून सही करता येत नाही, त्याला एमफिलसारखं क्लिनिकलचं मान्यताप्राप्त शिक्षण आणि आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते, आणि ती असलेल्यांनाही हे काम वेगळं शिकावं लागतं. तुम्ही चांगल्या काउन्सेलर असाल, हाडाचा डॉक्टर चांगला असला तरी मोतीबिंदू काढत नाही ना.

आणि जो कोणी आत जाईल त्याने बसल्या बसल्या मुलाला पहिल्यांदा सांगायचं की मी तुझी थेरपिस्ट नाही, तू बोलशील ते रिपोर्टात जाऊ शकतं, नाही बोललास तरी चालेल. सुप्रीम कोर्टाने सेल्वीच्या निकालात २०१० मध्येच सांगितलंय की नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय नाही. साधी मुलाखत त्यात येत नाही पण मला विचाराल तर तत्त्व तेच. आणि सगळ्यात अवघड जागा म्हणजे पोक्सोचं कलम १९. बोलता बोलता त्याच्या तोंडून दुसऱ्या कुठल्या मुलाचं किंवा मुलीचं निघालं तर ते पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक, गुप्तता वगैरे काही नाही, न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद. हे त्याला आधी सांगितलं तर तो गप्प बसणार, नाही सांगितलं तर तुम्ही त्याला फसवलं. मी सांगते. मग जे बोलणं होतं तेवढंच होतं, रिपोर्ट पातळ होतो, वकील नाराज होतात.

सीबीएस_कट्टा

नाराज होतो, खरंय. 😀 पण पातळ रिपोर्ट उलटतपासणीत टिकतो, जाड रिपोर्ट फाटतो.

गोदाकाठची

अपडेट देते. काल त्या वकीलसाहेबांना फोन करून स्पष्ट सांगितलं की मी देणार नाही, आणि का ते पण सांगितलं, मुलाला बघितलेलं नाही, माझी पात्रता नाही, आणि तुम्हाला पाहिजे ते कुणालाच लिहिता येत नाही. पेटी पण परत न्यायला सांगितली. पेटीतली अर्धी द्राक्षं तोपर्यंत रिसेप्शनवाल्या मावशींनी क्लिनिकमध्ये वाटून टाकली होती, त्याचे पैसे देते म्हटलं तर वकील हसायला लागले.

मग म्हणाले, असू द्या मॅडम, झालं आपलं काम, दुसरीकडून मिळालं कालच. अर्जाला लावलं पण. मला व्हॉट्सॲपला दाखवायला पाठवलं, बघा किती सोपं असतं म्हणून. नावगाव झाकलंय, पण मजकूर माझ्याकडे मागितला होता तसाच आहे, शांत, सुस्वभावी, अशा कृत्याची शक्यता नाही.

मृणाल_पंचवटी

कुठली टेस्ट वापरलीय? किती वेळा भेट, कुठे भेट, कागदपत्रं कुठली बघितली, काही लिहिलंय का?

गोदाकाठची

टेस्टचं नाव नाहीये. भेटीची तारीख पण नाहीये. लेटरहेड आहे, शिक्का आहे आणि खाली मोबाइल नंबर.

सीबीएस_कट्टा

नंबर जपून ठेवा ताई. समन्सला लागेल.